उशीचे अभ्रे आणि हिची हनुवटी

२ फेब्रुवारी, दुपार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ठेवावी लागते आणि आज मोठं काम हातात घेतलंय. बायकोचा चेहरा.

लग्नानंतर महिनाभरात मी इकडे नोकरीवर परत आलो. तेव्हापासून संसार फोनवर. पण हल्ली ही व्हिडिओ कॉलवर नुसता पंखा दाखवते. छताचा. मला वाटलं रुसलीय. दोन-तीनदा मीही पंख्याशीच बोलून फोन ठेवला. आज खनपटीलाच बसलो तेव्हा तिने फोन खाली आणला. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुम. लाल, टपोरे, हात लागला तरी ठणकणारे. म्हणाली, शाळेच्या वयात एक आला नाही, आता रांग लागलीय. पाळी जवळ आली की जास्तच.

ही चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. चारी भिंतींना आरसे. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं, तर मागे हीच दिसते. हल्ली म्हणे ती तिरपी उभी राहून चष्मा देते.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले हॉर्मोनचा प्रकार आहे, गोळी सुरू करू. कसली गोळी, तर ती. मूल न होण्याची.

मी शांत राहिलो. मी पुढारलेला माणूस आहे. एवढंच म्हटलं, नवरा परमुलखात आणि बायको ती गोळी घेते, मेडिकलवाल्याला काय वाटेल. ही म्हणाली, त्याला वाटायचं ते वाटू दे, मला ठणकतंय. मी म्हटलं, लोकांचा प्रश्नच नाही, साइड इफेक्टचा आहे. हिने फोन परत पंख्याकडे फिरवला. पटलं असावं.

ठराव: गोळीशिवाय बरं करायचं. मी करणार.

३ फेब्रुवारी

लोक म्हणतील याला काय कळतं. शाळा आठवीत सुटली हे खरं. पण पुढचं शिक्षण हॉटेलच्या लाँड्रीत झालं, डागांच्या टेबलावर. लिपस्टिक, शाई, रक्त, बुटाचं पॉलिश, सगळं आधी माझ्यासमोर येतं. त्वचा म्हणजे तरी काय, न उसवणारं कापड. नियम तेच. चोळायचं नाही. गरम पाणी लावायचं नाही, डाग बसतो. कडेकडून मध्ये यायचं.

आणि सगळ्यात मोठा नियम, नवीन केमिकल आधी चादरीच्या आतल्या पट्टीवर लावून बघायचं, मग पूर्ण चादरीला. म्हणून प्रत्येक उपाय आधी माझ्या चेहऱ्यावर. मला स्वतःला एकही मुरुम नाही, त्यामुळे सॅम्पल एकदम स्वच्छ.

वकिलाला सांगितलं. हा माझ्या खोलीत राहतो, कामाला वाफेच्या इस्त्रीवर. प्रत्येक गोष्टीत आडवं बोलतो म्हणून वकील. तो म्हणाला, डाग बाहेरून पडतो रे, मुरुम आतून येतो. मी म्हटलं, घाम पण आतूनच येतो, त्याचे डाग मीच काढतो ना. इस्त्रीवाल्यांना डागातलं कळत नाही.

६ फेब्रुवारी

फोनवर हिच्याकडून सगळी माहिती घेतली, डॉक्टर घेतात तशी. झोप ठीक. जेवण ठीक. अर्धशिशी आहे. डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकतात म्हणे. मी म्हटलं, दिवसभर चष्म्याच्या काचा बघितल्यावर दुसरं काय चमकणार. मुरुमांशी याचा संबंध नाही. सोडून दिलं.

पहिला उपाय व्हिनेगर. शेवटच्या पाण्यात टाकलं की टॉवेल मऊ होतात. चेहऱ्याला लावलं. झोंबतं. म्हणजे काम करतंय.

११ फेब्रुवारी

व्हिनेगरवर खायचा सोडा. फेस आला. मग लिंबू. मग रात्रभर टूथपेस्ट.

हिला कळवलं. म्हणाली, बरं. करते म्हणाली. आवाजात उत्साह कमी वाटला, पण नेटवर्क खराब होतं.

हनुवटीला एक छोटा दाणा आलाय. माझ्या. योगायोग.

१९ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

एक. निळे टॉवेल. हॉटेलच्या जिममध्ये निळे टॉवेल असतात. त्यावर फिकट ठिपके पडतायत, नारिंगी झाक मारणारे. सुपरवायझर बाईंनी ढीग माझ्या टेबलावर टाकला आणि काढ म्हणाल्या. पण तो डागच नाही, तिथला रंगच उडालाय. मी बघताक्षणी निदान केलं, ब्लीचचा पंप गळतोय. मेकॅनिक बोलावला. त्याने सगळा पंप उघडला, परत लावला आणि म्हणाला, एक थेंब गळत नाही. यंत्रावरची माणसं स्वतःची चूक कधी मान्य करत नाहीत.

दोन. माझा दाणा योगायोग नव्हता. सोबत आणखी आलेत आणि गालाची सालं निघतायत. वकील म्हणाला, ही बरी व्हायच्या आधी तूच मरशील. मी म्हटलं, सॅम्पल असंच असतं, सगळा त्रास स्वतःवर घेतं.

५ मार्च, जेवणाची सुट्टी

हिचा चेहरा सुधारतोय असं ती म्हणते. अजून पंखाच दाखवते, पण मध्येच कपाळ दिसलं. कपाळाला कधीच काही नव्हतं, तरी चांगलं लक्षण.

कोणत्या उपायाने फरक पडला विचारलं. म्हणाली, सगळ्याच. म्हटलं, नक्की कोणता, इतर लोकांनाही सांगता येईल. म्हणाली, इतर लोकांना नका सांगू.

विनम्र आहे. माझ्यामुळे तिला लाज वाटायला नको.

इकडे कामात बढती. आतापर्यंत मी दुपारी गणवेशाच्या खिडकीवर उभा राहायचो, वेटर आणि रिसेप्शनची पोरं इस्त्रीचे कपडे घ्यायला येतात तिथे. बाईंनी आता मला आत मळक्या कपड्यांच्या छाननीला घेतलंय. म्हणाल्या, चेहरा बरा होईपर्यंत आतच राहा. वकील म्हणाला, ही बढती नाही. मी म्हटलं, छाननीला अनुभवी माणूसच लागतो.

२३ मार्च

आईचा फोन. आई आणि ही एका घरात, त्यामुळे आईचा फोन आला की आधी मी खुर्चीत नीट बसतो.

आई म्हणाली, तुझ्या बायकोला कपडे धुता येत नाहीत. माझे चांगले जांभळे अभ्रे, त्यांचं वाटोळं झालं. तिच्या उशीच्या प्रत्येक अभ्र्यावर पांढरे चट्टे. मी विचारलं तर म्हणते, आई, मी नवे आणून देते. नवे आणून देते म्हणजे काय, पैसे वर आलेत का.

मी म्हटलं, आई, थांब. हे माझं खातं आहे. फोटो पाठव.

फोटो आला. बघताक्षणी निदान. ही बादलीत ब्लीच ओततेय. चट्टे उशीच्या एकाच बाजूला आहेत, म्हणजे अभ्रा घडी घालूनच बुडवते. मी हिला फोन लावून समजावून सांगितलं. रंगीत कपड्याला ब्लीच का नाही, घडी का उघडायची, पाणी आधी की पावडर आधी. ही सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, बरं, तुम्ही त्यातले जाणकार. पंख्यामागून हसल्यासारखा आवाज आला. लाईन खराब असते या वेळी.

२ एप्रिल

आज फोन थोडा खाली आणला. नाकापर्यंत दिसली.

खरं म्हणजे बरेच दिवस नाक बघितलं नव्हतं. तिथे डाव्या बाजूला एक तीळ आहे, तो मी विसरलो होतो. बायकोचा तीळ विसरायचा म्हणजे काय.

असो. कामं पडलीत.

१४ एप्रिल

वकिलाने आज जेवताना उलटतपासणी घेतली. म्हणाला, खरं सांग, गोळीला नाही का म्हणालास? मी म्हटलं, साइड इफेक्ट. तो म्हणाला, कोणते? मी म्हटलं, बरेच असतात. तो म्हणाला, एक सांग. मी म्हटलं, डोकं. तो म्हणाला, कोणाचं?

मी जेवण आटपलं. अशा माणसाबरोबर खोली घ्यायला नको होती.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती तिरपी उभी राहून चष्मा देते. मी तिला व्हिनेगर सांगितलं, सोडा सांगितला, ब्लीचचं भाषण दिलं, पण ठणकतंय का हे त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही विचारलं नाही.

उद्या विचारणार. नक्की.

१६ एप्रिल

काल राहून गेलं. आज विचारलं. ही म्हणाली, नाही, आता नाही ठणकत. आणि म्हणाली, विचारलंत ते बरं वाटलं.

बघा. बोलण्याचाही उपचार असतो.

९ मे

निळ्या टॉवेलांचा निकाल लागला. लिहावंसं वाटत नाही, पण नोंद म्हणजे नोंद.

खोल्या साफ करणाऱ्या बाईला एका पाहुण्याच्या बाथरूममध्ये ट्यूब सापडली. सुपरवायझर बाई ती घेऊन खाली आल्या. कापडाच्या तुकड्यावर थोडं लावलं, टॉवेलसारखाच फिकट ठिपका, नारिंगी झाक. पंप नाही, ब्लीच नाही. मुरुमांचं औषध. तोंडाला चालतं, कापडाचा रंग उडवतं. लोक ते लावून जिमला जातात आणि तोंड टॉवेलला पुसतात. आता मागणाऱ्याला पांढरा टॉवेल द्यायचा. बाईंनी मला विचारलं, तुला माहीत नव्हतं? आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, तुला तर माहीत असायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, पंपाची शंका अगदीच चुकीची नव्हती.

तसाच कामाला लागलो. चादरी निवडल्या, नॅपकिन निवडले. संध्याकाळ होत आली तेव्हा एक जांभळा उशीचा अभ्रा हातात आला. कुठल्या तरी पाहुण्याचा, हॉटेलचा नव्हे. त्यावर काहीच नव्हतं. स्वच्छ होता. तो हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो.

घरच्या अभ्र्यांना एकाच बाजूला चट्टे. उशीच्या. जिथे तोंड असतं.

१० मे, सकाळ

फोन लावला. म्हटलं, अभ्रे. ही म्हणाली, अखेर कळलं.

फेब्रुवारीतच ती कातडीच्या डॉक्टर बाईंकडे गेली होती. माझं व्हिनेगर सुरू होतं तेव्हा तिचं औषध सुरू होतं. रात्री झोपताना एक फेसवॉश, त्यानेच अभ्रे खाल्ले. मग मलम, पातळ थर. आणि एक गोळी.

मी म्हटलं, गोळी? म्हणाली, ती नाही. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, डोकं दुखतं का. मी नागमोडी रेघांचं सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग ती गोळी तुमच्यासाठी नाहीच, रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारायला हवं होतं.

मी म्हटलं, म्हणजे मी बरोबर होतो. ती म्हणाली, तुम्ही चष्म्याच्या काचा म्हणाला होतात.

ही दुसरी गोळी मुळात रक्तदाबाची. हॉर्मोनमुळे चेहऱ्याला जो तेलकटपणा येतो तो कमी करते. रक्त तपासावं लागतं, दाब बघावा लागतो, आणि दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. पण ती चालू असताना दिवस राहून चालत नाही, बाळाला धोका. डॉक्टर बाईंनी विचारलं, तुम्ही काय काळजी घेता? हिने सांगितलं, नवरा परदेशात आहे. त्या म्हणाल्या, यापेक्षा खात्रीची काळजी मी अजून बघितली नाही. आणि फाइलमध्ये लिहून घेतलं.

मला आधी का नाही सांगितलं विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तेही आधी स्वतःच्या तोंडाला लावलं असतं.

मग तिने फोन खाली आणला. पूर्ण. कपाळ, नाक, तीळ, हनुवटी. दुकानातच होती, मागे आरसा होता. हनुवटीवर जुने फिकट वण, बाकी काही नाही. सरळ उभी होती.

मी फोन ठेवायला कारण शोधलं. नेटवर्क चांगलं होतं, त्यामुळे तेही कारण नव्हतं.

१० मे, दुपार

वकिलाला सांगावं लागलं. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, म्हणजे या सगळ्या उपचारात तुझं काम काय? मी म्हटलं, मी फाइलमध्ये आहे. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, गैरहजेरीबद्दल.

तरी वाटा तो वाटाच.

२६ मे

रजा मंजूर. पुढच्या महिन्यात घरी. हिला सांगितलं. ही लाजली, हे आता पूर्ण चेहऱ्यावर दिसतं.

मग म्हणाली, एक बोलायचंय. डॉक्टर बाईंना विचारून आले. गोळी आता बंद केली तर मुरुम परत यायची शक्यता. मूल न होण्याची ती गोळी मला चालत नाही. तेव्हा तुम्ही आलात की काळजी तुम्ही घ्यायची. येताना घेऊन या.

मी म्हटलं, काय?

म्हणाली, अहो, काय म्हणजे काय. मेडिकलमध्ये मिळतं.

मी म्हटलं, अर्थात. मी पुढारलेला माणूस आहे.

ठराव: रविवारी जाऊन सरळ मागायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

३१ मे, रविवार

गेलो. मेडिकलच्या काउंटरवर वयस्कर बाई, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज खणखणीत. माझ्या मागे दोघं उभे. म्हटलं, मला ते पाहिजे. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हो हो, कळलं. मला बरं वाटलं, अनुभवी लोकांना सांगावं लागत नाही.

त्यांनी फेसवॉश दिला. म्हणाल्या, दाबू नका, चोळू नका, टूथपेस्ट तर अजिबात लावू नका. दुकानभर ऐकू गेलं. मी मान हलवली आणि घेऊन आलो.

पुन्हा जाणार. मागे कोणी नसताना.

४ जून

मागे कोणी नव्हतं. मलमाची ट्यूब मिळाली. पातळ थर लावा म्हणाल्या.

७ जून

बाईंनी दुरूनच हात केला आणि विचारलं, फरक पडला का? जवळ घेऊन बघितलं. म्हणाल्या, सालं निघतायत म्हणून मॉइश्चरायझर पण घ्या.

बाहेर वकील थांबला होता. त्याला म्हटलं, तू जाऊन आण. तो म्हणाला, माझी बायको नाही, माझी रजा नाही, मी का म्हणून? मी म्हटलं, तू वकील ना. तो म्हणाला, म्हणूनच. दुसऱ्याच्या वतीने गुन्हा कबूल करत नाही.

११ जून, दुपार

उद्या निघायचं. बॅग भरली. आईला नवे जांभळे अभ्रे, हिला पांढरे. स्वतः निवडले, कापड चोळून बघितलं.

सकाळी शेवटचा प्रयत्न. दुकान बंद. रविवार नाही, सुट्टी नाही, आजच बंद.

परत आलो तर वकील माझ्या उशीचा अभ्रा उजेडात धरून उभा. हॉटेलने दिलेला, निळा. मधोमध पांढरा चट्टा, हनुवटीच्या आकाराचा. तो म्हणाला, पंप गळतोय वाटतं.

तेवढ्यात हिचा फोन. मी कॅमेरा वर फिरवला. या आठवड्यात रोजच फिरवतोय, चेहरा अजून दाखवण्यासारखा नाही. ती म्हणाली, अहो, पंखा किती दिवस दाखवणार, उद्या तर येताय. मी म्हटलं, नेटवर्क.

मग म्हणाली, ते आणलंत का?

मी बॅगेकडे बघितलं. फेसवॉश, मलम, मॉइश्चरायझर. म्हटलं, बरंच काही आणलंय.

ती म्हणाली, राहू द्या. मला माहीत होतं. मी काल आणून ठेवलं. आपल्या गल्लीतल्या मेडिकलमधून, सरळ मागितलं.

मी म्हटलं, त्याला काय वाटलं असेल?

म्हणाली, वाटायचं काय, खूश झाला. सगळ्यांना सांगत सुटलाय, त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचे मिस्टर येतायत म्हणून. सकाळी दूधवाल्याने आईंना विचारलं, मुलगा कधी पोचतो.

विचारलं, आई काय म्हणाली? ही म्हणाली, काही नाही. आपल्या खोलीतली एक उशी बदलून दोन ठेवल्या.

कॅमेरा छताकडे होता ते बरं झालं.